पाठीवर चार जागा, पुढे एकही नाही

जयवंतीताईंची छाती मी पोलक्यावरून तपासली होती, हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रुग्णालयातल्या डॉक्टरांना नाही, ताईंच्या लेकीला तर नाहीच. ताई जाऊन आता सात आठवडे होतील. या सात आठवड्यांत भेटेल त्याने मला विचारलं, की असं अचानक कसं झालं, तुम्ही तर इतके जवळचे, तुमच्या काहीच लक्षात आलं नव्हतं का... आणि प्रत्येकाला मी एकच उत्तर दिलं, की ताई कधी काही बोलल्याच नाहीत. हे खोटं आहे. ताई बोलल्या होत्या. मलाच बोलल्या होत्या, आणि फक्त मलाच.

मी बोईसरमधल्या एका खाजगी रुग्णालयात ब्रदर आहे. म्हणजे नर्सच, पण पुरुषाला नर्स म्हणायला लोकांची जीभ रेटत नाही. वडील जतकडून इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले आणि सालवडला दोन खोल्यांत आमचं घर झालं. नर्सिंगचा कोर्स करून बाविसाव्या वर्षी मी वॉर्डात उभा राहिलो तेव्हा तिथे मी एकटाच पुरुष होतो, आणि वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या जयवंतीताई. मुरब्याच्या, मच्छीमार घरातल्या. नवऱ्याची बोट, सासू बाजारात मासळी विकायला बसणारी, आणि ह्या रोज सकाळी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत बोईसरला हजर. पहिल्याच दिवशी मी एका पेशंटच्या कागदावर आदल्या पाळीच्या सिस्टरने लिहिलेलं 'चेस्ट क्लिअर' पाहिलं आणि खाली तसंच उतरवलं. ताईंनी कागद हातात घेतला, माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे पाहिलं आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारलं, की हे लॉकेट कुणी घातलं गळ्यात, सासऱ्यानं काय? माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. बायका खाटेवर बसून खदखदून हसल्या. मग मला बाजूला घेऊन, आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "ऐकलं नसंल तं 'ऐकलं नाय' असं लिवायचं. त्यात लाज नाय. न ऐकता क्लिअर लिवलंस, तं तुज्यामागनं येनारा पन ऐकनार नाय."

छाती तपासायची त्यांची एक रीत होती आणि तिच्यातली एकही पायरी त्या गाळू देत नसत. आधी नुसतं बघायचं. माणूस खाटेवर मागे टेकलाय की गुडघ्यांवर हात देऊन पुढे वाकलाय, मानेच्या शिरा ओढल्या जातायत का, बोलताना वाक्य एका दमात पुरं होतंय की मध्येच तुटतंय. श्वास मोजायचे ते त्याला न सांगता. मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची, कारण श्वास मोजतोय म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मग पाठीवर दोन्ही हात ठेवून, अंगठे मधोमध जुळवून, मोठा श्वास घ्यायला सांगायचं आणि दोन्ही अंगठे सारखेच लांब जातात का ते पाहायचं. मग पाठीवर बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकायचं. हे मला जमेना. भरीव आवाज कुठला, पोकळ कुठला, काही केल्या उमगेना. तेव्हा एका रविवारी ताईंनी मला मुरब्याला बोलावलं आणि त्यांच्या यजमानांसमोर, नानांसमोर, उभं केलं. किनाऱ्यावर बोटीच्या डिझेलची पिंपं होती. नाना झाकण न उघडता बाहेरून टकटक करत आणि डिझेल कुठवर आहे ते खडूची रेघ ओढून दाखवत. माझ्या पाच रेघा चुकल्या, सहावी बरोबर आली. ताई म्हणाल्या, आता सोमवारी त्या छातीत पाणी झालेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर अशीच रेघ दाखव मला. आणि खरंच, सोमवारी मला ती सापडली.

स्टेथोस्कोप सगळ्यात शेवटी. त्याची गार तबकडी आधी तळहातात धरून ऊब द्यायची. उजवीकडे एक जागा ऐकली की डावीकडे त्याच पातळीची. आणि कपड्यावरून कधीच नाही. कपड्यावरून ऐकणाऱ्याला कापडच ऐकू येतं, असं त्या म्हणत, आणि एखादी शिकाऊ मुलगी गाऊनवरून ऐकताना दिसली की तिला सरळ म्हणत, बाय गो, टेलरकडे कामाला लाग.

एकदा संध्याकाळी एका कारखान्यातून चार कामगार आले. कसलासा वायू नाकातोंडात गेला होता. दोन तासांत चौघेही ठणठणीत दिसायला लागले. त्यातला बिहारकडचा एक जण ताईंच्या मागेच लागला, सिस्टरजी, एकदम ठीक हूँ, छुट्टी दिला दो. डॉक्टरही सोडायच्या विचारात होते. ताईंनी त्याला पुन्हा बसवलं, शर्ट वर करायला लावला आणि पाठीवर अगदी खाली बराच वेळ कान लावून राहिल्या. तव्यावर मीठ तडतडावं तसं काहीतरी बारीक आहे म्हणाल्या, आणि याला जाऊ देऊ नका असं डॉक्टरांना सांगितलं. काही तासांनी त्याचा श्वास भराभर चढत गेला. घरी सोडला असता तर तो सालवडच्या आपल्या भाड्याच्या खोलीतच दगावला असता. बरा झाल्यावर त्याने विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ताईंचं हिंदी त्यांच्यासारखंच होतं, सरळ आणि व्याकरणाशिवाय. म्हणाल्या, "तुम झूट बोलता है, तुमारा पीठ सच बोलता है."

पाठ सोपी होती. बायकांची छाती पुढून तपासायची वेळ आली की मी मागे सरायचो, कुणातरी सिस्टरला हाक मारायचो. ताईंनी ते पंधरा दिवस चालू दिलं आणि सोळाव्या दिवशी हाक मारलेल्या सिस्टरला परत पाठवलं. मला म्हणाल्या, "तुज्या आवाजात लाज असली का ती बाईच्या अंगात येते. काय करनार ते आदी सांग, मंग इचार, मंग कर." पदर बाईनेच धरायचा, हवं तेवढंच उघडं करायचं, डावी बाजू तिने स्वतःच्या हाताने वर उचलून धरायची, शेजारी वॉर्डातली मावशी उभी. हृदयाचं टोक तिथेच, स्तनाच्या खाली असतं, आणि ते टाळून हृदय ऐकता येत नाही. माकुणसारची एक तिशीतली बाई होती, दम्याची औषधं घेऊन दोनदा परत गेलेली. ताईंनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, स्टेथोस्कोपची छोटी बाजू अगदी हलकी टेकवली, श्वास सोडून धरायला सांगितला आणि कानातल्या नळ्या माझ्या हातात दिल्या. मला दोन वेळा काहीच आलं नाही. तिसऱ्या वेळी, दोन ठोक्यांच्या मधे, एक घरघर... खाडीत लांबवर बोट असली की इंजिन ऐकू येण्याआधी जाणवतं ना, तशी. हृदयाची झडप अरुंद झाली होती. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला की पुढे कधीतरी असं होतं, हे ताईंनीच मला समजावलं. त्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, ती बरी होऊन आली आणि वर्षभराने टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन वॉर्डात उभी राहिली. शेंगा सोलता सोलता ताई सहज म्हणाल्या होत्या, मला पण चौथीत असताना सांधे धरलेले, वर्ष बुडालं शाळेचं. मी ते ऐकलं होतं. माझ्या लक्षातही होतं.

नारळी पौर्णिमेला मुरब्यात दर्याला नारळ द्यायला दुपारी पोचता यावं म्हणून ताई सकाळची पाळी घेत, आणि त्या पाळीत ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी मला उभं करून राखी बांधत. पेढा तोंडात घालत आणि लगेच दटावत, की आता ती काढून खिशात ठेव, पेशंटला हात लावायचाय. चोवीस वर्षांत एकदाही चुकली नाही ती राखी; निवृत्त झाल्यावरही त्या बांधायला सालवडला घरी येत. त्यांची लेक प्रणाली मला मामा म्हणते. पुढे जे घडलं त्याचं कारण मी शोधतो तेव्हा पुन्हा पुन्हा इथे येऊन थांबतो, आणि मग वाटतं, की हेही एक निमित्तच शोधतोय मी.

या वर्षी थंडी सरताना एका रविवारी मी मुरब्याला गेलो होतो. प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. ताईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. पालघर स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावं लागलं, म्हणाल्या. झोपताना दोन उशा लागतात, आडवं झालं की खोकला येतो. हे एवढं ऐकूनच मला कळायला हवं होतं. वॉर्डात कुणी असं बोललं असतं तर मी स्टेथोस्कोपला हात लावायच्या आधी डॉक्टरांना बोलावलं असतं. ताईंनी कपाटातून स्वतःचा जुना स्टेथोस्कोप काढून माझ्यापुढे धरला. "तू ऐक. काय असंल तं उद्याच जाते डॉक्टरकडे. नसंल तं प्रणालीचं उरकून मंग जाते. आता गेले तं अॅडमिट करून ठेवतील, न पोरीजवळ कोन हाय?"

त्या स्टुलावर खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी तबकडी तळहातात धरून ऊबदार केली, तेवढं केलं. पोलकं पाठीवर उंच होतं, जाड सुती. मागून जरा सैल करा, हे वाक्य मी आजवर किती बायकांना न अडखळता सांगितलं असेल, त्याची गणती नाही. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी पोलक्यावरूनच ऐकलं. वर दोन, खाली दोन, अशा चार जागा. कापडाची खसखस आणि तिच्यामागे श्वास. आणखी काही होतं का? डावीकडे खाली बारीक तडतड आहे असं मला वाटलं होतं. आणि ते कापडच असणार, असं मी ठरवलं. ठरवलं, हाच शब्द खरा आहे.

मग ताई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी खांद्यावरचा पदर थोडा बाजूला केला. पुढचं ऐकायची वेळ होती. कशी ऐकायची ते त्यांनीच मला शिकवलं होतं. मी कानातल्या नळ्या काढल्या आणि म्हणालो, "पुढे नको, ताई. क्लिअर आहे."

स्वयंपाकघरात प्रणाली कुणाशी तरी फोनवर हसत होती. ताईही मग हसल्या. "वार्डातल्या बायांचं ऐकतंस, न माजंच जड गेलं तुला?" मी खाली बघितलं. त्यांनी पदर सारखा केला. "बरं. तू क्लिअर बोल्लास तं क्लिअर."

त्यांना कळलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी कसं ऐकलं ते त्यांनी पाठीवर अनुभवलं होतं. पण त्या दिवशी त्यांना एक उत्तर हवं होतं आणि ते मी दिलं. त्यांनी ते घ्यायला नको होतं, असं मी स्वतःला कित्येकदा सांगून पाहिलं. नाही पटत. त्या पेशंट होत्या. पेशंटला हवं ते उत्तर हवंसं वाटणारच. ब्रदर मी होतो.

दोन आठवड्यांनी प्रणालीला मुलगा झाला. ताई आजी झाल्या आणि कामाला जुंपल्या; बाळाची आंघोळ, शेक, मालिश, डिंकाचे लाडू, येणारी-जाणारी माणसं. मी बाळाला बघायला गेलो तेव्हा त्या पायांवर बाळ घेऊन बसल्या होत्या आणि बोलताना मधे थांबत होत्या. मी पाहिलं ते. विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा ऐकावं लागलं असतं.

आणखी तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, नाना त्यांना रिक्षाने आमच्याच रुग्णालयात घेऊन आले. मी ड्यूटीवर होतो. ताई खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात देऊन पुढे वाकल्या होत्या, ओठ निळसर, ओठांवर फेस. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. थोडा उतार पडला तेव्हा मी त्यांना किंचित डावीकडे कलतं केलं, पोलक्याचे हुक काढले आणि स्टेथोस्कोप जिथे ठेवायचा तिथे ठेवला. छातीत दोन्ही बाजूंनी वरपर्यंत पाण्याची तडतड होती, ठोके वेडेवाकडे पडत होते, आणि त्यांच्या मधे कुठेतरी ती लांबची घरघर. ताईंनी दोन बोटांनी मास्क उचलला. "काय... ऐकलंस? सांग."

मी सांगितलं. वॉर्डात उभं राहून सांगायचो तसं, वरपासून खालपर्यंत, क्रमाने, काहीही न गाळता.

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि मास्क परत लावून घेतला.

हृदयाच्या सोनोग्राफीत तेच निघालं, झडप अरुंद झालेली. आमच्याकडे पुढची सोय नव्हती. डॉक्टरांनी मुंबईला हलवायला सांगितलं आणि मी अँब्युलन्समध्ये बसलो. चिल्हार फाट्याहून हायवेला लागेपर्यंत ताई माझं मनगट धरून होत्या. पुढे पकड ढिली होत गेली. माझ्याकडे ऑक्सिजन होता, औषधं होती, चोवीस वर्षांचं शिकणं होतं, आणि मी एकामागून एक सगळं केलं, आणि कशाचाच काही उपयोग होत नव्हता. ड्रायव्हर सायरन वाजवत होता, पुढचे ट्रक बाजूला होत होते. विरारच्या अलीकडे ताई गेल्या. त्यानंतरही मी त्यांची छाती दाबत राहिलो, बराच वेळ. नाना पुढच्या सीटवरून वळून बघत होते. शेवटी त्यांनीच हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सुनील. दमलास तू."

मी आमच्या डॉक्टरांना नंतर एकदा विचारलं, नाव न घेता, दुसऱ्याच कुणाची केस असल्यासारखं, की अशा पेशंटचं पाच आठवडे आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, पाणी उतरवायच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या असत्या, झडपेचंही बघता आलं असतं. वाचलाच असता असं नाही सांगता येत, पण वेळ मिळाला असता. एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. वाचल्या असत्या असं ठामपणे म्हणाले असते तर मी कदाचित कोसळलो असतो, आणि नसत्याच वाचल्या म्हणाले असते तर सुटलो असतो. यातलं काहीच झालं नाही.

बाराव्याला मुरब्यातलं घर माणसांनी भरलं होतं. प्रणाली कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती आणि बाळ तिच्या जावेच्या मांडीवर होतं. ते रडायला लागलं तरी तिने हात पुढे केले नाहीत. मी जवळ जाऊन बसलो तशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, माज्यापायी गेली आय. माज्या बाळंतपनात राबली न गेली. मी सासरीच बाळंत झाले असते तं..." आजूबाजूच्या बायका तिला गप्प करायला लागल्या, असं बोलू नये गो, ज्याचं त्याचं आयुष्य असतं. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आणि मी म्हणालो, "नाही गं, असं नको बोलूस." सगळे बोलत होते तेच. मग ती उठली, आत गेली आणि ताईंचा स्टेथोस्कोप आणून माझ्या हातात दिला. आय बोलायची, सुनीलचे कान माज्यासारके हायेत, म्हणाली. मी तो घेतला. नको म्हणण्याइतकंही बळ माझ्यात नव्हतं.

त्यानंतर दोनदा मुरब्याला गेलो. एकदा धक्क्यापर्यंत जाऊन, बोटींकडे बघत थोडा वेळ उभा राहून परत आलो. दुसऱ्या वेळी घरात बसलो, चहा घेतला, नानांशी जाळ्यांच्या भावाविषयी बोललो आणि उठलो. प्रणाली समोरच होती. परवा नानांचा फोन आला. बाळ आता अडीच महिन्यांचं होईल. प्रणाली त्याला दूध पाजते आणि पाजून झालं की लगेच नानांच्या हातात देते. स्वतःहून उचलत नाही, खेळवत नाही. सासरचे न्यायला आले होते, तर म्हणाली, ह्याला घेऊन जा, मी इथेच ऱ्हाते. नानांनी मला विचारलं, की तू दवाखान्यातला माणूस, तिला काही औषध असतं का रे? डॉक्टरांना दाखवायला हवं, मी वेळ घेऊन ठेवतो, असं मी म्हणालो, आणि घेऊनही ठेवली. पण त्या डॉक्टरांना ती जे सांगेल ते खोट्यावर उभं असेल, आणि ते खोटं आहे हे जगात एका माणसाला माहीत आहे.

प्रणालीला मी एवढं सांगायचं देणं लागतो, की तिची आई तिच्या बाळंतपणामुळे गेली नाही. आईने मला विचारलं होतं, मी नीट ऐकलं नाही, तरी क्लिअर म्हणालो, आणि माझ्या शब्दावर ती थांबली. हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं, छापलेल्या कागदावरून नाही, म्हणून हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीत यायच्या आत मला तिच्यासमोर बसलं पाहिजे. आज हे लिहून होईपर्यंत मी तिला काहीही सांगितलेलं नाही.